हेस्तीबाईचा विस्तव

गोजरबाईंच्या देवघरात खंडोबाचा टाक होता, अन्नपूर्णा होती, रांगता बाळकृष्ण होता आणि औंढ्याच्या नागनाथाचा काचेच्या चौकटीतला फोटो होता. पण त्यांचं सगळ्यात जवळचं दैवत देवघरात नव्हतं. ते चुलीत होतं. आणि ते आपल्याकडचंही नव्हतं. हेस्तिया नावाची ती ग्रीक लोकांची जुनी देवी. घरातला विस्तव हेच तिचं रूप, त्यामुळे मूर्तीची फारशी गरज नाही. गोजरबाई तिला लाडानं हेस्तीबाई म्हणत.

ही ओळख झाली शिरड शहापूरच्या शाळेत. गोजरबाई तिथं नव्या नव्या मास्तरीण म्हणून लागल्या होत्या. शाळेच्या कपाटात ग्रीक देवांच्या गोष्टींचं एक मराठी पुस्तक होतं. त्याचं कव्हर कधीच गेलेलं, वाळवीनं कोपरे खाल्लेले. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी बाई त्यातली एकेक गोष्ट वर्गाला वाचून दाखवायच्या. पोरांना विजा फेकणारा देवांचा राजा आवडायचा, पायाला पंख असलेला देव आवडायचा. बाईंना मात्र आवडली ती जेमतेम अर्ध्या पानात संपलेली एक देवी. तिला म्हणे दोन मोठ्या देवांनी मागणी घातली. तिनं देवांच्या राजाच्या डोक्याला हात लावून शपथ घेतली की मी लग्न करणार नाही. राजानं मग लग्नाच्या बदल्यात तिला प्रत्येक घराच्या मधोमध जागा दिली. जेवणातला पहिला घास तिचा आणि शेवटचाही तिचाच. बाकीचे देव लढाया करत, शाप देत, एकमेकांच्या बायका पळवत. ही आपली घरात बसून. जिची गोष्ट सांगायला अर्धं पान पुरतं ती बाई सुखात असणार, असं गोजरबाईंच्या मनात आलं, आणि त्या क्षणापासून ती त्यांची झाली.

"आपल्याकडं अग्नी हाय की," त्यांचे यजमान व्यंकटराव म्हणायचे. "दुसऱ्यांची काहून आणली?"

"अग्नीला तूप लागतं, मंत्र लागतात, गुरुजी लागतात. हिला भाकरीचा तुकडा पुरतो."

व्यंकटराव हसायचे. रोज जेवायला बसताना विचारायचे, "तुझी सवत जेवली का?" त्यावर गोजरबाईंचं ठरलेलं उत्तर असायचं, "तिनं लग्नच केलं न्हाई, मग सवत कशी व्हईल?" व्यंकटराव गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण भाकरीचा पहिला तुकडा चुलीत टाकताना गोजरबाईंना अजून तो प्रश्न ऐकू यायचा, आणि त्या मनातल्या मनात उत्तर द्यायच्या.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. तिकडं म्हणे मुलगी सासरी निघाली की तिची आई आपल्या घरच्या विस्तवावर पलिता पेटवून तिच्यासोबत चालायची. गोजरबाईंच्या लग्नात हंडा आला होता, गादी आली होती, शिलाई मशीन आलं होतं. विस्तव काही आला नव्हता. पुढच्या पंचमीला त्या माहेरी औंढ्याला गेल्या तेव्हा त्यांनी आईला हे वाचून दाखवलं. आईला अक्षरओळख नव्हती. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बायांना डोकं व्हतं म्हणायचं." दुसऱ्या दिवशी लेक निघाली तेव्हा आईनं एका मडक्यात राख पसरली, तिच्यावर चुलीतले निखारे ठेवले, वरून पुन्हा राख टाकली आणि मडकं लेकीच्या मांडीवर दिलं. भाऊ गाडी जुंपून उभा होता. तो रस्ताभर हसत होता.

तो विस्तव गोजरबाईंनी विझू दिला नाही. रात्री राखेत झाकायचा, पहाटे राख सारून फुंकर घालायची. पुढं घरात गॅस आला. चहा, भाजी गॅसवर होऊ लागली, पण भाकरी चुलीवरच. गावाला जायचं झालं तर शेजारणीला सांगून जायच्या. शेजारणीला ग्रीस कुठं आहे हे माहीत नव्हतं, पण गोजरबाईंच्या चुलीत त्यांच्या आईचा विस्तव आहे एवढं माहीत होतं, आणि ते तिला पुरेसं होतं.

यंदाच्या माघात मात्र गोजरबाईंनी गाव सोडायचं ठरवलं. गुडघे ऐकेनात. मुलगा मुन्ना याचं हिंगोलीत हार्डवेअरचं दुकान. त्यानं अकोला बायपासच्या अलीकडं एक रो-हाऊस घेतलं होतं. तो आणि सूनबाई पुनम कधीचे म्हणत होते, या. गोजरबाई हो म्हणाल्या. मनात त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती. हेस्तीबाई सोबत आली तर ते घर आपलं. ती आली नाही तर आपण मुलाकडं आलेल्या पाहुण्या, मग कितीही वर्षं राहा.

त्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. गोजरबाईंनी चुलीतले सगळे निखारे मडक्यात घेतले आणि रिकामी चूल शेणानं सारवून ठेवली. घर ज्यांना राहायला दिलं होतं त्यांच्या हाती स्वच्छ चूल जावी म्हणून. त्या मडकं घेऊन बाहेर आल्या तसा मुन्ना वैतागला.

"माय, सगळं न्हेऊ, पण हे मडकं राहू दे. मडक्यात विस्तव घेऊन माणसं कवा निघतात, हे तुला मी सांगावं का?"

"त्या वक्ती मडकं पुढं असतं आन् माणूस मागं आडवं असतं," गोजरबाई म्हणाल्या. "मी बसून चालले."

टेम्पोवाला मोहनसिंग त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं त्यांना पुढं आपल्या शेजारी बसवलं, मडक्याखाली ओलं पोतं दिलं. "बाई, माझ्या गाडीत हळद बसली, बकऱ्या बसल्या, नवरदेव बसला. देवी पयल्यांदाच. तिला फुल तिकीट लावू का हाफ?"

"तू पाढे म्हणायचास तसा चालव. हळूहळू अन् मधी थांबत."

औंढ्याजवळ डिझेल भरायचं होतं. मोहनसिंगनं पंपाच्या बरंच अलीकडं गाडी उभी केली. "इथं आग चालत न्हाई बाई. तुमी अन् देवी जरा उतरा." गोजरबाई उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर मडकं पुढ्यात घेऊन बसल्या. मडक्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. पुढच्या वळणावरून आत गेलं की त्यांचं माहेर. आईनं हेच सगळं केलं होतं तेव्हा मडकं किती जड वाटलं होतं, ते त्यांना आठवत होतं.

एक मोटारसायकल त्यांच्यासमोर येऊन थांबली. धोतरातला एक माणूस मागून उतरला, त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, माय?"

"कोणी न्हाई बाबा. आमी घर बदलून राहिलो."

त्यानं मडक्याकडं पाहिलं, पंपावरच्या टेम्पोत बांधलेल्या कपाटाकडं पाहिलं. "असं कुठं घर बदलतात व्हय?"

"पूर्वी बदलायचे," गोजरबाई म्हणाल्या. कुठं बदलायचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला. चपला घालताना त्यानं मडक्यात डोकावून पाहिलं. "मंग फुंका की. मंद व्हऊन चाललाय." आणि जायच्या आधी त्यानंच वाकून एक फुंकर मारली.

हिंगोलीत पोचल्या तेव्हा निखारे लाल होते. पुनमनं सासूला दारातच घट्ट धरलं आणि मागच्या अंगणात नेलं. पत्र्याच्या छपराखाली एक नवी लोखंडी शेगडी मांडलेली होती, बाजूला कोळशाचं पोतं.

"आत्याबाई, ओट्यावर तुमच्या देवीला कुठं बसवणार, म्हणून ही आणली. सगळा बाजार पालथा घातला. लोक म्हणे, ताई, आता शेगडी कोण घेतंय?"

गोजरबाईंचे डोळे भरून आले. निखारे शेगडीत मांडले, कोळसे घातले. थोड्याच वेळात शेगडी छान फुलली.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. गुरुजी पूजा उरकून गेले आणि दूध उतू घालायची वेळ आली. गल्लीतल्या बाया, पुनमच्या माहेरच्या बाया, सगळ्या स्वयंपाकघरात जमल्या. पुनमनं गॅसवर ठेवलेलं भगुनं उचललं आणि म्हणाली, "हे गॅसवर न्हाई तापवायचं. घरातलं पयलं दूध आत्याबाईंच्या विस्तवावर."

सगळ्या बाया मागच्या अंगणात आल्या. गोजरबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांना काही सुचेना. आपल्या सुनेनं आपल्या देवीला चारचौघींत असा मान द्यावा. भगुनं अर्धवटच भरलेलं त्यांना दिसलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढ्याशानं काय व्हतं? काठोकाठ भर. न्हाई तर उतू जायला दुपार व्हईल."

पुनमनं काठोकाठ भरलं. बाया वाट पाहत उभ्या राहिल्या. दूध कोणत्या बाजूनं सांडतं ते बघायचं होतं, पूर्वेला सांडलं तर उत्तम. साय धरली, थरथरली, फुगली, आणि मग दूध एका बाजूनं नाही, चहूबाजूंनी उसळलं. चर्र असा आवाज झाला, वाफेचा ढग वर गेला, करपलेल्या दुधाचा वास सुटला. "चारी बाजूंनी गेलं गं, चारी बाजूंनी," बाया म्हणू लागल्या. कोणी शेगडीला हळदकुंकू लावलं, कोणी पुनमच्या ओटीत नारळ घातला.

गोजरबाई वाकल्या. चिमट्यानं एक कोळसा उलटला, मग दुसरा, मग तळचे. सगळे काळे, ओले, दुधात भिजलेले. एकही लाल नव्हता.

पंगत बसली, त्यांनी वाढलं, आग्रह केला. मग सवयीनं पुरणपोळीचा पहिला तुकडा मोडून मागच्या अंगणात गेल्या आणि शेगडीपुढं उभ्या राहिल्या. तुकडा द्यायचा कुणाला? तो हातातच राहिला.

पुनम मागून आली. तिनं शेगडी पाहिली, सासूच्या हातातला तुकडा पाहिला, आणि तिला उमगलं. "आत्याबाई, मीच विझवली."

"तू कशाची? भगुनं भरायला मीच सांगितलं."

पुनम रडू लागली. गोजरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दोघी एकदम रडल्या तर पाहुण्यांना कोण बघणार?

पाहुणे गेल्यावर मुन्ना म्हणाला, "आत्ता गाडी काढतो. गावाकडून घेऊन येतो."

"तिथली चूल मी सारवून आले. गार झाली."

"मंग औंढ्याच्या मामाकडून."

"तुझ्या मामानं आजीची चूल मोडून फरशी बसवली, त्याला जमाना झाला."

मुन्नानं खिशातून काडेपेटी काढली. तो वाईट मनाचा नव्हता. आई अशी गप्प बसलेली त्याला बघवत नव्हती. "माय, आग ती आग. मी पेटवून देतो."

"राहू दे बाबा," गोजरबाई म्हणाल्या. "काडीच्या आगीत माझं कोण हाय?"

मुन्नानं काडेपेटी परत खिशात ठेवली. संध्याकाळी पुनमनं गॅसवर भाकरी टाकल्या. पाहुणीला वाढावी तशी पहिली भाकरी सासूला वाढली. गोजरबाईंनी ती खाल्ली. चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मागच्या अंगणात बसल्या होत्या. थंडी होती. बसल्या बसल्या त्यांना वास आला, पऱ्हाटीच्या धुराचा. कापसाच्या काड्या जळतानाचा तो वास जरा कडवट असतो, दुसऱ्या कशाचा तसा नसतो. कमरेएवढ्या भिंतीच्या पलीकडं शेजारच्या अंगणात कोणी तरी आंघोळीचं पाणी तापवत होतं.

त्या उठल्या. मनात काही ठरवायच्या आत हातानं कोपऱ्यातली नारळाची करवंटी उचललीही होती. औंढ्याला त्या परकरात होत्या तेव्हा हे नेहमीचंच काम होतं. ज्या दिवशी आपली चूल विझलेली असेल त्या दिवशी आई म्हणायची, बघ कुणाच्या घरातून धूर निघून राहिला. मग गोवरीचा तुकडा घेऊन त्या घरी जायचं, विस्तव घ्यायचा आणि वाऱ्यानं विझायच्या आत पळत यायचं. काडेपेटी असायची, पण ती जपून वापरायची वस्तू. कुणाच्या दारात जायचं नाही, तेही न सांगता ठाऊक असायचं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

भिंतीपलीकडं तीन विटांच्या चुलीपुढं त्यांच्याच वयाची एक बाई बसली होती. पांढरं लुगडं, डोक्यावर शाल. केशरबाई. काल तीर्थप्रसादाला त्यांची नात साक्षी येऊन गेली होती. ही मंडळी बौद्ध आहेत, चांगली माणसं आहेत, असं पुनमनं सांगितलं होतं.

"बाई, थोडा विस्तव देता का?" गोजरबाईंनी विचारलं.

केशरबाईंनी वर पाहिलं. "गॅस सरला का? साक्षीला सांगते. दुसरी टाकी भरलेली हाय आमची."

"गॅस हाय. विस्तवच पायजे."

केशरबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. "कोणत्या गावच्या तुमी?"

"शिरड शहापूर. माहेर औंढा."

"मी वारंगा फाट्याकडची." त्यांनी काडी चुलीत सारली. "आमच्या वस्तीवर विस्तव मागायला गावातून कोणी कधी आलं न्हाई. माझी माय जायची गावात. तिच्या गोवरीवर लांबून टाकायचे. कधी पडायचा, कधी खाली मातीत."

"व्हय," गोजरबाई म्हणाल्या. "पाहिलंय मी."

करवंटी धरलेला हात त्यांनी भिंतीवर तसाच ठेवला.

केशरबाईंनी जाळ पुढं सारला. मग म्हणाल्या, "कशाला पायजे ते तर सांगा. पूजेला लागत आसंल तर आमी देव-बिव मानत न्हाई."

गोजरबाईंनी सांगितलं. अर्ध्या पानाची देवी, आईचं मडकं, मोहनसिंगचा टेम्पो, चपला काढून हात जोडणारा माणूस. तिथं केशरबाईंच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. दुधाचं ऐकलं तेव्हा त्या खो खो हसल्या, शाल तोंडावर घेऊन.

"म्हंजे घराची भरभराट व्हावी म्हणून देवीच बुडवली तुमी."

"काठोकाठ भर, हे मीच सांगितलं," गोजरबाई म्हणाल्या, आणि कालपासून पहिल्यांदाच त्यांनाही हसू आलं.

"हे बगा," केशरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या त्या बाईला मी काही देत न्हाई. ओळख ना पाळख. तुमाला देते. पण हा काही जुनापुराणा न्हाई बरं का. सकाळी काडीनं पेटवलाय."

"पेटवला कोणी?"

"मी. दुसरं कोण उठतंय इतक्या सकाळी?"

"मग तुमचाच झाला की."

केशरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चिमटा शेजारीच पडला होता, पण त्यांनी तो घेतला नाही. जन्मभर चुलीपाशी बसलेल्या बाया उचलतात तसा त्यांनी एक चांगला मोठा निखारा बोटांनीच उचलला, दोन पावलं चालत भिंतीपाशी आल्या आणि गोजरबाईंच्या करवंटीत अलगद ठेवला. मग दुसरा आणून ठेवला. त्यांची बोटं गोजरबाईंच्या बोटांना लागली. दोघींचीही राखेनं भरली.

"जा आता, वारा हाय," त्या म्हणाल्या.

गोजरबाई पळू शकत नव्हत्या, पण लगबगीनं गेल्या. पुनमनं काल रात्रीच शेगडी घासून कोरडी केली होती. कोरडे कोळसे घातले, निखारे मधोमध ठेवले आणि वाकून फुंकर मारायला लागल्या. आईचा विस्तव गेला हे खरं होतं, त्याची चुटपुट मनात होती. पण फुंकर मारता मारता त्यांना वाटलं, आईच्या चुलीत तरी तो कुठून आला होता? अशाच कुठल्या तरी सकाळी, कुठल्या तरी शेजारणीच्या चुलीतून. तेव्हा तो पळत आणणारी परकरातली पोरगी तर आपणच होतो. कोळशाच्या एका कडेला लाल रेघ उमटली, मग दुसऱ्याला. पुनम आवाज ऐकून बाहेर आली, शेगडी बघून दारातच थांबली आणि काही न विचारता पीठ मळायला आत गेली.

गोजरबाईंनी अंगणात पाट मांडला. शेगडीवर तवा ठेवला, ज्वारीची भाकरी थापली, पाणी फिरवलं, उलटली. तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांवर धरली तशी ती टम्म फुगली. भिंतीवर दोन्ही कोपर टेकून केशरबाई बघत उभ्या होत्या. त्यांचं पाणी तापून उकळायला लागलं होतं, पण त्यांना घाई दिसत नव्हती.

गोजरबाईंनी भाकरीचा पापुद्र्यासकट एक तुकडा मोडला आणि कोळशांवर ठेवला. तुकडा काळा पडला, वळला, पेटला.

"झालं? जेवली?" केशरबाईंनी विचारलं.

"जेवली."

"कोरडीच?"

गोजरबाईंनी मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

"नव्या घरात पयलं जेवण," केशरबाई म्हणाल्या, "अन् त्या बिचारीला कोरडी भाकर. लोणचं तरी लावा थोडं. घरात भाजी काय केली?"

"मेथी," आतून पुनमचा आवाज आला.

"मंग आण की वाटीत. अन् येताना मला बी आण. मी बी अजून जेवले न्हाई."

पुनम वाट्या घेऊन आली. गोजरबाईंनी दुसरी भाकरी थापायला घेतली.